अंदाजे वय चाळीस

आमच्या ट्रस्टच्या दवाखान्याच्या फाटकाशी एक मोठा बोर्ड आहे. त्यावर सोळा विभागांची नावं आहेत. हृदयरोग, अस्थिरोग, नेत्ररोग, त्वचारोग, स्त्रीरोग, मूत्ररोग असं करत करत तो खाली आहार-सल्ला आणि समुपदेशनापर्यंत उतरतो. दवाखान्यात खोल्या सात. त्यांतली एक विश्वस्तांच्या मीटिंगला, एक मोडक्या खाटांना, एक माझ्या रक्त-लघवी तपासणीला. उरलेल्या चार खोल्यांत सोळा विभाग बसवणं कुठल्याही शहाण्या माणसाला जमलं नसतं. ते इंदूबाईंना जमत होतं.

दवाखान्याचं नाव सांगत नाही, कारण विश्वस्तांपैकी दोघं माझ्या नात्यातले आहेत आणि मी अजून तिथंच नोकरीला आहे. गाव पाथर्डीच्या अंगाला आहे, एवढं पुरे. इंदूबाई केसपेपरच्या खिडकीवर बसत. त्यांची खुर्ची माझ्या दाराकडे पाठ करून होती, त्यामुळं अकरा वर्षं मी त्या बाईची पाठ पाहिली आणि आवाज ऐकला. पाठ रुंद होती. आवाज त्याहून रुंद.

त्यांचा नवरा ट्रस्टच्या ॲम्ब्युलन्सवर ड्रायव्हर होता. तो वारला तेव्हा विश्वस्तांनी दया दाखवून बाईंना झाडलोटीच्या कामावर घेतलं, आणि त्या दयेचा फोटो दोन पेपरांत छापून आणला. पुढं खिडकीवरचा क्लार्क तलाठी झाला. नवा मिळेपर्यंत दोन दिवस तुम्ही बसा, असं सातवी पास इंदूबाईंना सांगण्यात आलं. त्या बसल्या त्या बसल्याच. नवा क्लार्क आला होता, पण त्यांनी त्याला पहिल्याच दिवशी पोटाच्या डॉक्टरांकडं पाठवलं आणि तो परत आला नाही.

पेशंट समोर आला की जगातला कुठलाही दवाखाना विचारतो, काय होतंय? इंदूबाई विचारत, कुठून आलात? कारण आजारापेक्षा एसटी महत्त्वाची. ज्याची गाडी दोन वाजता, त्याला ज्या डॉक्टरपुढं गर्दी कमी तिकडं पाठवायचं, हा त्यांचा नियम. हृदयाच्या डॉक्टरांपुढं बहुधा कुणी नसे. त्यामुळं लांबच्या वाड्यावस्त्यांवरच्या लोकांची हृदयं आमच्याकडं फार बारकाईनं तपासली गेली. गुडघेदुखीवाल्या एका म्हाताऱ्याचा कार्डिओग्राम तीनदा काढला होता. गुडघा होता तिथंच होता, पण गाडी एकदाही चुकली नाही, असं तो कौतुकानं सांगायचा.

तज्ज्ञ डॉक्टर सगळे नगरहून येत. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण आमच्या एसटीचे कंडक्टर अजून नगरच ओरडतात. सोमवारी हाडांचे, मंगळवारी डोळ्यांचे, बुधवारी हृदयाचे, असे वार ठरलेले, कधी एका वारी दोघं-तिघं. गुरुवारी मात्र एकटे त्वचेचे. आणि गुरुवार हा आमचा बाजारचा दिवस. सगळा तालुका त्या दिवशी गावात. माणूस शेळी विकायला येतो, मिरच्या घेतो, पोरीला चपला घेतो आणि जाताजाता दुखणं दाखवून जातो. निव्वळ दुखण्यासाठी सोमवारी वेगळी खेप कोण घालणार? म्हणून आमच्याकडं दमा, मूतखडा, कंबर, मोतीबिंदू, सगळं त्वचेच्या डॉक्टरांकडं जाई. ते वयस्क, किडकिडीत, कंटाळलेले गृहस्थ. पहिल्या महिन्यात ते चिडून खिडकीपर्यंत आले आणि म्हणाले की मी कातडीचा डॉक्टर आहे, तुम्ही मला मूतखडे का पाठवता?

इंदूबाईंनी मान वर न करता सांगितलं, "कातड्याच्या आतच हाय ना सगळं? मग बघा की."

दुसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी बीपीचं यंत्र आणलं, तिसऱ्या महिन्यात दम्याची औषधं लिहायला लागले. मला वाटतं, तरुणपणी त्यांना हेच करायचं असावं.

केसपेपरवर तक्रारीचा रकाना असतो. तो इंदूबाई स्वतःच्या शब्दांत भरत. 'छातीत कसंनुसं.' 'पोट हाय, पण खरं दुखणं दारू.' एका बाईच्या कागदावर फक्त एवढंच होतं: 'डोकं. सून.' नगरचे डॉक्टर आधी एकमेकांना ते कागद दाखवून हसत. मग हळूहळू ते पेशंटला काही विचारेनासे झाले, रकाना वाचून औषध देऊ लागले. विश्वस्तांना वाटलं, डॉक्टरांचा वेग वाढला.

आणि वय. वय त्या विचारत नसतच. खिडकी म्हणजे जाळीत कापलेलं ताटाएवढं भोक. त्यातून समोरचं तोंड बघायचं आणि लिहायचं. माणसाला त्यांच्या लेखी पाचच वयं होती: दहा, वीस, चाळीस, साठ आणि 'म्हातारं'. विचारून उपयोग काय, असं त्या म्हणत. कुणी सांगतं दुष्काळाच्या साली जन्मले. दुष्काळ तर आमच्याकडं एक साल सोडून. कुणी सांगतं थोरल्या भावापेक्षा दोन वर्षांनी लहान, आणि थोरल्याचं वय माहीत नाही. त्यापेक्षा तोंड बरं, ते खोटं बोलत नाही. या विद्येचा त्यांना भयंकर गर्व होता. माझी बायको एकदा तापानं आली, वय चौतीस. बाईंनी चाळीस लिहिलं. बायकोनं तिथंच भांडण काढलं, तर इंदूबाई शांतपणे म्हणाल्या, "कागदावरचं वय औषधासाठी असतंय, लग्नासाठी न्हाई." बायकोचा ताप उतरला, राग अजून आहे. तो माझ्यावर आहे.

एकदा सरकारी योजनेत दवाखाना बसवायचा म्हणून तपासणीला तिघांची समिती आली. त्यांना सोळाच्या सोळा विभाग बघायचे होते. ट्रस्टच्या अध्यक्षांना घाम फुटला. इंदूबाईंनी खोल्यांवरच्या पाट्या खिळ्यांवरून काढून काखोटीला मारल्या आणि सांगितलं की तुम्ही पाहुण्यांना चहा पाजत राहा. समितीनं चार खोल्या बघितल्या, मीटिंगच्या खोलीत पोहे खाल्ले आणि त्याच चार खोल्या नव्या पाट्यांनिशी पुन्हा बघितल्या. तिसऱ्या फेरीला एका साहेबाला भिंतीवरचं खतदुकानाचं कॅलेंडर ओळखीचं वाटलं. आमच्याकडं सगळ्या खोल्यांना एकच कॅलेंडर, शिस्त हाय, असं बाईंनी सांगितलं. मग साहेबांनी खाटेवर झोपलेल्या, पायाला प्लास्टर घातलेल्या आजोबांकडं बोट केलं आणि हा हाडाचा पेशंट हृदयविभागात कसा, असं विचारलं. "त्याला दोन्ही हाय," बाई म्हणाल्या. मंजुरी आली. सत्कार अध्यक्षांचा झाला.

तर अशी ही बाई. उद्धट, अडाणी, सगळ्या गावाची आईबाप असल्यासारखी वागणारी, आणि आपण चुकतो हे तिच्या स्वप्नातही नाही.

मग शुक्रवारी स्त्रीरोगाचे नवे डॉक्टर यायला लागले. तरुण, गोड बोलणारे, पांढऱ्याशुभ्र गाडीतून येणारे. मोडक्या खाटांची खोली हेच आमचं ऑपरेशन थिएटर, आतापर्यंत तिथं आम्ही गणपतीचं डेकोरेशनही ठेवत होतो. ते निघालं. आमच्या भागातली निम्मी माणसं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी लागते, तिला कोयताच म्हणतात. बाई दुखण्यानं एक दिवस पालावर बसली की कोयत्याचा खाडा पडतो. मुकादमाला खाडा नको असतो. दसऱ्याच्या आसपास शुक्रवारी मुकादमांच्या जीपगाड्या यायला लागल्या आणि त्यांतून बायका उतरायला लागल्या. अंगावरून जातंय, ओटीपोटात दुखतंय, अशा त्यांच्या तक्रारी. डॉक्टर हात लावत, मान हलवत आणि सांगत की पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल, काढून टाकलेली बरी. कॅन्सर म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? अंगठा उठायचा आणि बाई ऑपरेशनच्या आधी रक्त द्यायला माझ्या खोलीत यायची.

इंदूबाई या कामात सगळ्यांच्या पुढं. खिडकीतूनच त्या बायकांना धीर देत. "टाक काढून. दोन लेकरं झाली ना? मग कशाला ते ओझं वागवतीस." डॉक्टरांवर त्यांचा फार जीव. त्याला कारण होतं. एकदा डॉक्टर खिडकीपाशी थांबले, केसपेपर चाळले आणि म्हणाले की बाई, वयाचा तुमचा अंदाज फार छान आहे, असंच लिहीत जा. इतक्या वर्षांत त्या विद्येचं कौतुक करणारा पहिला शिकलेला माणूस. बाईंनी ते दवाखान्याभर सांगितलं. मला दोनदा सांगितलं.

डॉक्टर तसं का म्हणाले ते मला तेव्हाच कळलं होतं. चाळिशीच्या बाईची पिशवी काढली तर कागद बघून कुणी काही विचारत नाही. पंचविशीच्या बाईची काढली तर वरून प्रश्न येतात. मला कळलं होतं आणि मी गप्प बसलो. माझं काम रक्ताचं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

दोन वर्षं हे चाललं. मग एका गुरुवारी बाजाराच्या गर्दीत एक बाई एकटीच खिडकीशी आली. चंद्रकला तिचं नाव. अंग भाजतं, हाडं ठणकतात, झोप नाही, उसाची मोळी डोक्यावर घेता येत नाही म्हणून मुकादमानं यंदा कोयता नको म्हणून सांगितलंय, असं तिनं एका दमात सांगितलं. इंदूबाईंनी सवयीनं तोंड बघून वय लिहिलं.

"मावशी, मागल्या साली पिशवी काढली तवा बी तुमी चाळीसच लिव्हलं हुतं," चंद्रकला म्हणाली.

"मग एक्केचाळीस करते."

"मला सव्वीस हाय."

तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून आधार कार्ड काढून जाळीतून आत सरकवलं. इंदूबाईंनी त्यावरचं साल वाचलं आणि बोटांवर वर्षं मोजली. मग त्या वळल्या. त्यांनी माझ्याकडं केसपेपरच्या नोंदींची गेल्या वर्षीची वही मागितली. जुन्या वह्या माझ्याच कपाटात असत. वही मांडीवर घेऊन त्यांनी शुक्रवारची पानं उघडली. चाळीस, चाळीस, चाळीस. खाली चाळीस. पुढच्या पानावर चाळीस. सगळं त्यांच्याच ठसठशीत अक्षरात.

उन्हानं, उसाच्या पाचटानं आणि डोक्यावरच्या मोळीनं त्या पोरींची तोंडं आधीच रापलेली होती. त्यावर इंदूबाईंनी सहीशिक्क्यानिशी चाळीस लिहून दिलं होतं.

बाई रडल्या वगैरे नाहीत. त्यांना राग आला, आणि तोही चंद्रकलेचा. "तवाच का न्हाई बोललीस?"

"तुमी इचारलं कुठं?" चंद्रकला म्हणाली.

पाठीमागं रांग ओरडत होती. चंद्रकलेनं कार्ड परत घेतलं आणि आपण खरं कशाला आलो ते सांगितलं. तिची धाकटी जाऊ, मीरा, उद्याच्या जीपगाडीत येणार होती. मुकादमानं यादीत तिचं नाव घेतलं होतं. पोट दुखतं म्हणून तिलाही पिशवी काढायला सांगितलं होतं. धाकटं लेकरू अजून अंगावर पीत होतं.

दुसऱ्या दिवशी मुकादम पाच बायका घेऊन आला आणि खिडकीशी नेहमीसारखी यादी धरून उभा राहिला. इंदूबाईंनी त्याला बाजूला सारलं आणि एकेकीला पुढं बोलावून वय विचारलं. बायका गोंधळल्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मीरा म्हणाली, मुकादमाला ठावं असंल. बाईंनी हात जाळीतून बाहेर घालून तिची हनुवटी धरली आणि विचारलं की जन्म तुझा का मुकादमाचा? मग ती हळूच म्हणाली, तेवीस. बाईंनी लाल पेनानं तेवीस लिहिलं, आकड्यात आणि अक्षरात, चेकवर लिहितात तसं.

पाच कागद आत गेले आणि दहा मिनिटांत डॉक्टर स्वतः बाहेर आले. चेहरा हसरा होता.

"बाई, आज तुमचा अंदाज चुकतोय."

"आज अंदाज न्हाई केला साहेब. आज इचारलं."

डॉक्टरांनी कागद बदलायला सांगितले. बाईंनी ते त्यांच्या हातातून घेतले, कोऱ्या केसपेपरांचा गठ्ठाही उचलला, खुर्चीवर ठेवला आणि त्यावर बसल्या. केसपेपरवाचून दवाखान्यात सुई टोचता येत नाही. तापाचं, खोकल्याचं, जखमांचं, सगळं काम बंद पडलं. अध्यक्षांचा फोन आला. कागद कुठं आहेत म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा बाईंनी खरं ते सांगितलं, "माझ्याखाली हायेत." बाकावरची माणसं हसली. मीही हसलो, पण माझ्या दाराच्या आत उभं राहून. बारा वाजता डॉक्टर गाडीत बसून निघून गेले. मग बाईंनी गठ्ठा बाहेर काढला, पाचही बायकांना नवे केसपेपर दिले, विभाग त्वचारोग. गुरुवारी या, म्हणाल्या.

संध्याकाळी अध्यक्षांनी मला बोलावून नक्की काय झालं ते विचारलं. मी तपासणीत होतो, मला काही दिसलं नाही, असं मी सांगितलं.

गुरुवारी पाचांतल्या दोघीच आल्या. मीराबरोबर चंद्रकला होती. त्वचेच्या डॉक्टरांनी कागदावरचा लाल आकडा बघितला, तिघींना बसवलं, दार लावलं आणि अर्धा तास ऐकलं. त्यांनी नगरच्या सरकारी दवाखान्याला चिठ्ठी लिहून दिली. तिथं सोनोग्राफी झाली. मीराच्या काय आणि दुसरीच्या काय, पिशवीला काही झालं नव्हतं. जंतुसंसर्ग होता, दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी गेला. मीरा त्या हंगामात ऊसतोडीला धडधाकट गेली. राहिलेल्या तिघींना मुकादमानं दुसऱ्या गावच्या दवाखान्यात नेलं, असं नंतर कानावर आलं. चंद्रकलेचं जे गेलं होतं त्याला गोळी नव्हती. पण नगरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिचे जुने कागद मागवले, आणि त्यातून चौकशी लागली.

चौकशीला सरकारी साहेब आले, ती मीटिंगच्या खोलीत झाली. पोहे होते. संमतीचे अंगठे बरोबर निघाले. डॉक्टरांनी कागदावरचं वय धरून सल्ला दिला, त्यात त्यांचा दोष काय, असं विश्वस्तांनी मांडलं. दोष एकच सापडला. वय. ते कुणी लिहिलं?

"मीच," इंदूबाई म्हणाल्या. "एक बी दुसऱ्याच्या हातचं न्हाई."

तसं लिहायला कुणी सांगितलं होतं का, असं साहेबांनी विचारलं. डॉक्टर छान म्हणाले होते, असं बाईंनी सांगितलं. छान म्हणणं म्हणजे आदेश नव्हे, साहेबांनी टिपून घेतलं. मग माझी पाळी आली. माझ्या काही लक्षात आलं होतं का? आमचं काम रक्तापुरतं, मी म्हणालो. तेही टिपलं गेलं आणि खाली मी सही केली.

खोट्या नोंदी केल्याबद्दल इंदूबाईंना काढून टाकलं. डॉक्टरांनी आपण होऊन आमच्याकडं येणं बंद केलं आणि दुसऱ्या तालुक्यात स्वतःचा दवाखाना काढला. उद्घाटनाला आमचे अध्यक्ष पाहुणे होते. खिडकीवर कॉम्प्युटर आला. त्यात वयाचा रकाना रिकामा सोडता येत नाही, म्हणून नवी मुलगी अंदाजे टाकते.

बाई गेल्या त्या दिवशी त्यांचा जेवणाचा डबा टेबलावरच राहिला होता. तो द्यायला मी स्टँडवर गेलो. भर दुपार होती. त्या लेकीच्या गावाला, कर्जतकडं निघाल्या होत्या. बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. अकरा वर्षांत मी त्यांना समोरून असं नीट कधी बघितलं नव्हतं. मी डबा दिला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो की बाई, वाईट झालं, तुमच्या एकट्यावरच आलं.

"माझं चुकलंच," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं बघत त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "पर भाऊ, मला तर त्या भोकातनं नुसतं तोंड दिसायचं. तुमी तर पोरींचा दंड हातात धरत हुता. तुमाला बी चाळीसच वाटलं?"

मी घड्याळ बघितलं. कर्जतची गाडी लागली, त्या उठल्या, कंडक्टरला पुढची सीट खाली करायला लावून बसल्या. गाडी हलली तेव्हा मला हायसं वाटलं.